आसरांच्या डोहातली एक फेक

मुळा नदीतले मासे मला पुंजाराम भोयाने शिकवले. कॉलेजात मी मुलांना बेडूक फाडून दाखवायचो आणि माशांवर संशोधन करतो असं सांगत मिरवायचो, पण साधा कोळस मासा कसा ओळखायचा हे त्याच्या जाळ्याशेजारी उकिडवं बसेपर्यंत मला कळत नव्हतं. तो जाळं ओढायचा, एकेक मासा तळहातावर घ्यायचा, त्याचं नाव सांगायचा आणि म्हणायचा, "लिवा, मास्तर." मी लिहायचो. पुस्तकातली लांबलचक नावं घरी गेल्यावर जोडायचो आणि लेखाच्या खाली नाव घालायचो ते माझं एकट्याचं.

त्याचं गाव पारनेर तालुक्यात, धरणाच्या वरच्या अंगाला. मी श्रीरामपूरहून दोन एसट्या बदलून यायचो. आमच्या विभागप्रमुखांनी बारा वर्षांपूर्वी तिथे माशांच्या एकतीस जाती मोजल्या होत्या. एकाहत्तरच्या पावसाळ्याअखेर मी मोजल्या, त्या चोवीस भरल्या. मधल्या काळात खाली धरण झालं होतं. गोदावरीकडून वर चढणारा मासा भिंतीपाशी अडला म्हणून सात जाती गेल्या, असं मी ठोकून दिलं. विभागप्रमुखांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "गेल्या म्हणतोस, अलीम. आसरांच्या डोहात पाहिलंस का?"

नव्हतं पाहिलं. तिथे जाळं पडतच नसे. काठावर शेंदूर फासलेले सात दगड होते, पाणी राखणाऱ्या साती आसरा देवींचे, आणि त्या डोहात भोयांनी कधी जाळं टाकायचं नाही अशी रीत होती. नदी आटली तरी तो डोह आटायचा नाही. उरलेसुरले मासे उन्हाळ्यात तिथे गोळा व्हायचे आणि पाणी आलं की तेच पुन्हा नदीभर पसरायचे. आता तर खालून मासा येणं बंद झालेलं. जे काही होतं ते त्या डोहातच होतं, आणि हे मला गावातल्या कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं.

बहात्तरला पाऊस झाला नाही. त्र्याहत्तरच्या चैत्रात नदीची नुसती वाळू उरली आणि आसरांचा डोह निम्म्यावर आला. सगळा गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होता. आणि मी, सांगायला जीभ रेटत नाही, मनातून खूश होतो. सगळे मासे एका जागी आले होते.

"एकच फेक टाका, पुंजारामबाबा," मी म्हणालो.

"न्हाई मास्तर. आमच्या बापानं तितं न्हाई टाकलं. दुसरं कायबी सांगा."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारलं. तो तेच म्हणाला. तिसऱ्या दिवशी मी खोटं बोललो.

"मी लिहून दिलं की सरकार डोहावर पाटी लावेल. मग बाहेरच्या माणसालासुद्धा तिथे मासा धरता येणार नाही."

माझा लेख वाचणारे दहा जण. त्यांतला एकही सरकारात नव्हता आणि कुठली पाटीही लागणार नव्हती. पण पुंजारामला बाहेरच्यांची धास्ती होतीच. पाण्यावर डोळा ठेवून फिरणारी माणसं त्याने पाहिली होती. तो बराच वेळ तंबाखू मळत राहिला.

"म्हंजे आसरांची राखन सरकार करनार?"

"हो," मी म्हणालो. डोळ्याला डोळा देऊन म्हणालो.

उजाडता उजाडता आम्ही गेलो. सातही दगडांना त्याने हात जोडले, मग पाण्याला, आणि जाळं फेकलं. माझ्या सातांपैकी पाच जाती त्या एका फेकीत आल्या. एक खडस तर अशी सोनेरी, की हातात धरून तो हसला. "बगा, हाय का न्हाई? लिवा." प्रत्येक जातीची एकेक जोडी मी फॉर्मेलिनच्या बाटल्यांत घातली, बाकीचे त्याने ओंजळीने पाण्यात सोडले. मी पोरासारखा नाचायचाच बाकी होतो.

परतताना खडीवर निघालेल्या बायामाणसांनी त्याच्या खांद्यावरचं ओलं जाळं पाहिलं. दुपारपर्यंत सगळ्या गावात कळलं. भोयानेच जाळं टाकलंय, मग आपण का उपाशी बसायचं? लोक धोतरं घेऊन उतरले, टोपल्या घेऊन उतरले. पुंजाराम काठावरून ओरडत होता, पण त्याचं आता कोण ऐकणार? तिसऱ्या दिवशी कुणीतरी शेराच्या झाडाचा विषारी चीक ओतला आणि बोटाएवढी पिल्लंसुद्धा पोटं वर करून तरंगायला लागली. त्यांत मला एक वांज दिसली. माझ्या हरवलेल्या सातांतली सहावी. मी गुडघाभर पाण्यात शिरलो, ती उचलली आणि बाटलीत घातली. आजूबाजूला काय चाललं होतं ते दिसत असताना घातली.

चौथ्या दिवशी सकाळी उंबराखाली भोयांची जमात बसली. मी मागे उभा होतो, खांद्याला बाटल्यांची पिशवी.

"जाळं का टाकलंस?" सहादेव पंचाने विचारलं.

"माजी बुद्धी फिरली," पुंजाराम म्हणाला.

"कुनी सांगितलं हुतं?"

"कुनी न्हाई."

त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. सहादेवने सगळ्यांवरून नजर फिरवली. "आनखी कुनाला काय बोलायचंय?" थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं. मग तिसऱ्यांदा. त्यांची तशी पद्धत असेल, असं मी मनाशी म्हटलं. पिशवीतल्या बाटल्या वाजू नयेत म्हणून मी त्यांच्यावर हात दाबून धरला होता. मला मार बसेल असं वाटत नव्हतं. बाटल्या काढून घेतील, इतकीच भीती होती.

"पुंजारामचं जाळं खुंटीला," सहादेव म्हणाला. "ह्यापुढं नदीत उतरायचं न्हाई."

मी दुपारच्या एसटीने निघून आलो. लेख पाठवला. मासे कमी होण्याची कारणं मी दोन दिली, धरण आणि अवर्षण.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. भाद्रपदात मी पुन्हा मोजायला गेलो. पुंजारामच्या पुतण्याने, छगनने, दिवसभर जाळं टाकलं. जाती अकरा भरल्या. त्यातही टोपलीभर नुसती चिलापी, बाहेरून आणून धरणात सोडलेली आणि तिथून वर चढलेली. खडस नाही, वांज नाही. मग पाय ओढत पुंजारामच्या घरी गेलो. जाळं खुंटीला होतं, कोरडं. तो रस्त्याच्या कामावर खडी फोडून आलेला, हात सोललेले. मला बघून त्याचा चेहरा उजळला.

"मास्तर! पाटी कवा येनार?"

मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. पाटी नव्हतीच, मी खोटं बोललो, जमातीत गप्प उभा राहिलो. चुलीपाशी बसलेली पुंजारामची बायको लंकाबाई बोलली.

"पाटीचं न्हाई, पन जाळं तुमीच टाकाया लावलं ते आमाला ठावं हुतं, मास्तर. समद्या जमातीला ठावं हुतं. पंचांनी तीनदा का इचारलं? तुमी बोलाल म्हनून. तुमच्या तोंडाकडं बगत बसले हुते समदे."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "मी आत्ता जातो सहादेवकडे," मी उठत म्हणालो. "आत्ता सांगतो. जाळं उतरेल ना?"

"जाळं उतरंल," लंकाबाई म्हणाली. "पन त्यात यायला आता काय ऱ्हायलंय?"

तरी मी गेलो. चार माणसं बोलावून सहादेवने मला सगळं त्यांच्यासमोर पुन्हा बोलायला लावलं. मी बोललो. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

पंचांनी मोकळीक दिली, आणि दिवस मावळायच्या आत पुंजाराम जाळं घेऊन नदीवर आला. मीही मागोमाग गेलो. त्याने पाण्याला हात जोडले, जाळं फेकलं, सावकाश ओढलं. मग जुन्या सवयीने एक मासा तळहातावर घेऊन माझ्यापुढे धरला.

"चिलापी," तो म्हणाला. "लिवा, मास्तर."

दुसरा उचलला. "चिलापी. लिवा."

तिसरा उचलला, आणि मी वही उघडेपर्यंत तसाच हात पुढे करून थांबला.