कुमिसमध्ये वाकडीच राहिलेली तार

"सरळ झाली! अल्लाशप्पथ, सरळ झाली!"

नारीनच्या डोंगरातल्या वरच्या कुरणात मेंढरं मोकाट सुटली होती आणि माणसं तंबूसमोर कळप करून उभी होती. मधोमध तोक्तोसुन अता. अता म्हणजे बाबा. हा किताब त्याने स्वतःच स्वतःला दिलेला. त्याच्या पियाल्यात कढत चहा, आणि चहात बोटभर लांबीची चकचकीत तार. क्षणापूर्वी त्याने सगळ्यांदेखत ती कुबडासारखी वाकवली होती. चहात पडताच ती वळवळली आणि ताठ झाली.

"सुई नको, गोळी नको!" अता गरजला. "पाठ वाकते ती पापाने! पाप उकळलं की पाठ सरळ! पण गोळ्या पोटात गेल्या की तार रुसते, हं!"

त्याच्यापुढे लोकरीच्या नमद्यावर नऊ वर्षांची आयजारकिन पालथी निजली होती. तिच्या पाठीवर मणक्याचं टेंगूळ वर आलं होतं. आई झूरा तिचे केस कुरवाळत तारेकडे डोळे लावून बसली होती.

खालच्या दवाखान्यातली नर्स सायरागुल हे बघत घोड्यावरून उतरली. गाव तिला एजे म्हणे, थोरली बहीण. आयजारकिनला मणक्याचा क्षय होता. गोळ्या वर्षभर, एक दिवस न चुकता. त्यासाठी सायरागुल वसंतभर रोज त्यांच्या दारात गेली होती. मग ते कळप घेऊन वर कुरणात आले आणि गोळ्या झूराच्या भरवशावर राहिल्या.

"झूरा, गोळ्या?"

झूराने मान खाली घातली. "चाळीस दिवस झाले, एजे. अता म्हणाले..."

सायरागुल पोरीपाशी बसली. तिने पोरीच्या पायाचा तळवा हातात घेतला. "बाळा, बोटं हलव बघू."

"हलवतेय की," आयजारकिन म्हणाली.

बोटं हलत नव्हती.

सायरागुलला रडू आलं, त्याहून जास्त संताप आला. पण शिव्या घातल्या असत्या तर लोक बुवाच्याच बाजूने उभे राहिले असते. ती शेजारच्या तंबूत गेली आणि चामडी बुधल्यातला गार कुमिस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, वाडगाभर घेऊन आली.

"अता, एवढा चमत्कार चहात कशाला? घोडीचं दूध आपलं पवित्र. यात करून दाखवा."

अताचा हात थबकला. "आज माझा उपास आहे."

"पिऊ नका. तार तेवढी बुडवा."

"अता, पांढऱ्याला नाही म्हणू नये," म्हातारी बातमा आपा दटावून म्हणाली. तिथे कुमिस नाकारणं म्हणजे घरावर थुंकणं. बुवाची पंचाईत झाली. त्याने तार वाकवून कुमिसमध्ये टाकली, ओठ हलवले, डोळे फिरवले. तार वाकडी ती वाकडीच.

"कुमिस आंबट आहे!" तो खेकसला.

"आंबट नसेल तो कुमिस कसला?" मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

सायरागुलने तार उचलून झूराच्या हातात दिली. "तुला मंत्र येतो?"

"नाही गं एजे."

"मग टाक चहात."

झूराने टाकली. तार ताठ.

"ऐका," सायरागुल म्हणाली. "हा निकेल आणि टिटॅनियमचा धातू. सरळ धरून भट्टीत तापवला की तो आकार त्याच्यात ठसतो. गार असताना आतली कणांची रचना कलते, म्हणून तार हवी तशी वाकते. ऊब लागली की रचना मूळपदावर येते, तारही येते. दात सरळ करणाऱ्या तारा याच जातीच्या. माझ्या मांडीच्या शिरेत याच धातूची जाळी आहे. बिश्केकला डॉक्टरांनी ती आवळून आत सरकवली आणि अंगाच्या उबेने ती उघडली. त्यांनी मंत्र म्हटला नाही, मेंढी मागितली नाही. या पोरीच्या मणक्यात जंतू आहेत. ते चहाने मरत नाहीत, गोळ्यांनी मरतात."

गर्दीतल्या माना अताकडे वळल्या. अता हळूच तंबूमागच्या गाडीकडे सरकला. सायरागुलला वाटलं, जिंकले.

तेवढ्यात बातमा आपा पुढे आली आणि परकर गुडघ्यापर्यंत वर केला. "एजे, तुझ्या हाताला त्याच्यापेक्षा गुण आहे गं. माझ्या गुडघ्याला लाव ना ती तार."

तिच्यामागे आणखी चौघी उभ्या राहिल्या. एकीने पियालाही भरून आणला होता.

"अगं आपा, मी आत्ता घसा फोडून काय सांगितलं?"

"सांगितलंस ना, तुझ्या मांडीतसुद्धा आहे म्हणून!"

सायरागुलने कपाळावर हात मारला. खाली गाडी सुरू झाली. अता पलीकडच्या कुरणाकडे निघाला होता, आणि "आधी आमच्या तंबूत या!" म्हणत दोन घोडेस्वार त्याला गाठायला धावत होते.

झूरा पोरीला पाठुंगळी घेऊन उभी राहिली. "एजे, आजपासून गोळ्या देते. पाय येतील?"

"आजच खाली उतरायचं. उद्या बिश्केक. शस्त्रक्रिया करतील, गोळ्या देतील, रोग थांबेल."

"पाय?"

"चाळीस दिवस गेले, झूरा. खोटी आशा दाखवली तर माझ्यात आणि त्याच्यात फरक काय?"

झूराने हंबरडा फोडला. पाठीवरच्या आयजारकिनचे पाय तिच्या कमरेला लोंबकळत होते.

सायरागुलने बायकांकडे वळून बघितलं. पियाल्यातला चहा निवत चालला होता. "बायांनो, माझ्यावरही विश्वास ठेवू नका. हा चहा गार होऊ द्या, मग तार टाका आणि स्वतः बघा. असं एकदा जरी कुणी बघितलं असतं, तर ही पोर आज चालत असती."

बातमा आपाने तार उचलली आणि हळूच डोक्याच्या रुमालाच्या टोकाला ताईतासारखी बांधली.