नऊ नंबरची पाती

पिशवीताई हे नाव तिला कंट्रोल रूममधल्या काकांनी दिलं आणि आठवडा उलटायच्या आत ते प्रत्येक पवनचक्कीपर्यंत पोहोचलं.

तिचं काम टेकडीवरच्या पत्र्याच्या खोलीत दुर्बीण घेऊन बसायचं. मोठे पक्षी चक्क्यांच्या रोखाने येताना दिसले की वॉकीटॉकीवर नंबर सांगायचा. खाली कंट्रोल रूममध्ये काका तो नंबर परत उच्चारत आणि बटण दाबत. तोंडी आदेशाशिवाय बटण दाबायचं नाही, असा नियम होता. दाबल्यावरही पाती मंदावायला अर्धं मिनिट जातं, त्यामुळे उशीर परवडत नसे. त्या दिवशी उन्हात चमकणारं, गिरक्या घेत वर चढणारं काहीतरी पांढरं तिला दिसलं. तिने तीन चक्क्या थांबवल्या. जवळ आल्यावर कळलं, शेतातून उडून आलेली प्लास्टिकची पिशवी होती.

"ताई, ही जात अंडी किती घालते हो?" काकांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं होतं.

ते तिच्या जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून वॉकीटॉकीवर ती "काका" म्हणेनाशी झाली. "कंट्रोल, ऐकताय का?" एवढंच. एरवी काकांना निवृत्तीनंतरच्या बागेपासून गुडघ्यांपर्यंत सगळं विचारणारी ती आता नंबर सांगे आणि बटण सोडून देई.

साहेबांनी तिला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, दोन्हीकडून दबलेला होता. "हा हंगाम टेहळणीच्या चाचणीचा आहे," ते म्हणाले. "भर वाऱ्यात चक्की थांबली की मला वरून फोन येतो. आणखी एकदा असं झालं तर टेहळणीच बंद करतील."

टेहळणी सुरू झाली होती तिच्या नणंदेमुळे. नणंद चक्क्यांखालची जमीन पट्ट्यापट्ट्याने तुडवत मेलेले पक्षी शोधायची. गेल्या हंगामात नऊ नंबरखाली तिला एका सकाळी करकोच्यांचा सडा पडलेला दिसला. एकात धुगधुगी होती. दवाखाना येईपर्यंत तो तिच्या मांडीवर गेला. त्यानंतर महिनाभर ती जेवणाच्या ताटावर गप्प असायची. यंदा जरा हसायला लागली होती.

"आपल्या घराचं बरं आहे," ती म्हणायची. "वहिनी वर बघते, मी खाली बघते आणि दादा मधे बघतो. टीव्ही!"

पण पिशवीच्या प्रकरणानंतर एका रात्री भांडी पुसताना ती हळूच म्हणाली, "वहिनी, काल चार नंबरजवळून घार गेली. मी खालून बघत होते. चक्की फिरत होती."

"बघत होते गं मी. नक्की घार आहे का, हे बघत होते."

नणंदेने एकच ताट दोनदा पुसलं.

दोन दिवसांनी दुपारी वारा चांगला भरला होता. नऊ नंबरमागच्या उतारावरून, थेट सूर्याच्या बाजूने, पांढरं काहीतरी वर आलं. पिशवी आली होती तीच बाजू. दुर्बिणीत नुसता झगझगाट, डोळ्यांना पाण्याची धार. तिने वॉकीटॉकीचं बटण दाबलं.

"काका..."

पुढे शब्द फुटेना. नऊ म्हणावं तर नोकरी गेली, नणंदेची मेहनत गेली. न म्हणावं तर? अंगठा बटणावर तसाच राहिला. पुन्हा दुर्बीण लावली तेव्हा तिला वाटलं, आपल्याला भास होतोय. नऊ नंबरची पाती मंदावत होती. मग शेजारची आठ. त्या पांढऱ्यातून आता काळ्या कडांचे पंख उलगडले, मागे लांबलेले लाल पाय दिसले. करकोचे. अख्खा थवा. जवळजवळ थांबलेल्या पात्यांच्या मधून तो आरामात पार झाला.

"थांब आठ! थांब नऊ!" ती आता ओरडली.

"थांबलेत ताई," वॉकीटॉकीतून आवाज आला. "डोळे पुसा आणि बघा सावकाश."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी दोघांना कंट्रोल रूममध्येच गाठलं. एवढ्या दिवसांत ती प्रथमच तिथे पाऊल टाकत होती. साहेबांनी आदल्या दिवसाचं रेकॉर्डिंग लावलं. तिचं "काका" ऐकू आलं, मग नुसता वारा, आणि बऱ्याच वेळाने आदेश.

"चक्की आधी थांबली, आदेश नंतर आला," साहेब म्हणाले. "काका, कशाच्या जोरावर दाबलंत?"

"तिने मला काका म्हटलं."

"म्हणजे?"

"पिशवीवरून मी थट्टा केली. तेव्हापासून मी नुसता कंट्रोल झालो होतो. रुसलेलं माणूस असं एकाएकी काका म्हणतं, ते काहीतरी मोठं समोर आल्यावरच. नंबर सांगितला नाही, पण इथले मोठे थवे नऊवरूनच जातात, एवढं मलाही कळतं. आठ थांबवली ती आपली भीतीपोटी."

"असा नियम नाही, काका."

"मग करा. नुसती शंका आली तरी थांबवायचं. पिशवी निघाली तर हसू आपण."

तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरली. नणंद होती. "आठखाली काही नाही. नऊखाली दोनदा फिरले. कावळ्याचं एक जुनं पीस, बाकी काही नाही. वहिनी, ऐकतेयस ना?"

"शंकेवरही थांबवा," साहेब म्हणाले. "आज तसं लेखी देतो. वरून फोन आला तर मी बघतो." आणि बाहेर गेले.

ती काकांच्या खुर्चीमागे उभी होती. आभार मानायचे होते. तिने खोली पाहिली. पडदे नव्हते, कारण खिडकीच नव्हती. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर आकड्यांच्या ओळी, टेबलावर कडा उडालेला कप, आणि त्याला टेकवून ठेवलेली वॉकीटॉकी.

"इथून आकाश दिसतच नाही?" तिने विचारलं.

"छे. मला काय दिसणार? तुम्ही सांगाल तेवढंच आकाश."

तिने तो कप उचलला, कोपऱ्यातल्या नळाखाली धुतला, तिथल्या किटलीतला चहा त्यात ओतला आणि काकांसमोर ठेवला.

"काका," ती म्हणाली, "चहा घ्या. मी वर जाते."

"जा, पिशवीताई. वारा भरतोय."