पलीकडची खिचडी

धान्य वाटून संस्थेचा टेंपो वस्तीतून निघाला, तेव्हा मदतीच्या निमित्ताने बेबीनंदाने शेजारच्या अनवरीची धान्याची पिशवी उचलली आणि चालता चालता हाताने अजमावली. वजन तिच्या स्वतःच्या पिशवीइतकंच. तोच तांदूळ, तीच डाळ, तेलाचा पुडाही तसलाच. मग नातीला, प्रीतीला, अनवरीच्याच हातचं का गोड लागावं?

जालन्याच्या स्टील कारखान्यांमागे, पत्र्याला पत्रा लावून ही दोन घरं उभी होती. बेबीनंदाची नात घरच्या ताटात दोन घास चिवडायची आणि पलीकडे जाऊन ताटली चाटूनपुसून यायची. सून ज्योत्स्ना घर सोडून गेल्यापासून पोरीला बेबीनंदाच सांभाळत होती. न्हाऊ घालायची ती, ताप आला की उशाशी बसायची ती, आणि पोरीच्या तोंडी मात्र सारखी अनवरी मावशी, खाला, खाला. खिचडीत काय टाकतेस, असं तिने अनवरीला एकदा विचारलंही होतं. नुसतं मीठ, म्हणून अनवरी हसली होती. ते हसू बेबीनंदाला आठवडाभर सलत राहिलं.

आज तिने प्रीतीला पलीकडे जायला बंदी केली. पोर न जेवता कोपऱ्यात बसून राहिली. बेबीनंदा धुणं वाळत घालून आत आली, तर कोपरा रिकामा. ती तडक पलीकडे निघाली. काय सुनावायचं ते जिभेवर तयार होतं. पण दाराशीच तिचे पाय थबकले.

"आन् मंग? तुझ्या अम्मीनं काय केलं?" अनवरी विचारत होती.

प्रीती खाता खाता आईबद्दल सांगत होती. भराभर, हसत, भरल्या तोंडाने. बेबीनंदाने घरात ज्योत्स्नाचं नाव कधी काढू दिलं नव्हतं.

ती आल्या पावली परतली.

संध्याकाळी तिने खिचडी वाढली. प्रीतीने ताट बाजूला सारलं. बेबीनंदाने चुलीतले निखारे मागे सारले.

"ज्योत्स्नाला पातेल्याची खरवड लई आवडायची," ती म्हणाली. "रोज खरडून खायची."

प्रीतीने मान वर केली. मग सरकत सरकत ती आजीच्या मांडीला येऊन टेकली.

"आवडायची न्हाई, आज्जी. तिला तेवढीच उरायची."

आणि ताट पुढे ओढून ती जेवायला लागली.