बंद झालेली बाळंतपणाची खोली

मिरजगावचा छोटा मिशन दवाखाना पुण्याच्या मोठ्या धर्मादाय संस्थेच्या ताब्यात गेला आणि महिन्याभरात बाळंतपणाची खोली बंद झाली. तीस वर्षं तिथं सुईणपण केलेल्या दयासिस्टर आता नुसते केसपेपर लिहीत.

एका दुपारी राहीबाई कळा सुरू झालेल्या सुनेला घेऊन आल्या. "सिस्टर, माझा आदिनाथ तुमच्याच हातावर झाला. त्याच्या बायकोला बघा."

"इथं आता होत नाही. नगरला न्यावं लागंल."

"आवो, पन तुमी हाय की!"

दयासिस्टरांनी पुण्याला फोन लावून विनवलं. "नियम आहे. ॲम्ब्युलन्सनं पाठवा," उत्तर आलं.

नगरच्या वाटेवर, रुईछत्तीशी गावाच्या अलीकडंच ॲम्ब्युलन्समध्ये मुलगी झाली, पण ती रडली नाही. संध्याकाळी राहीबाई त्या गेलेल्या बाळाला घेऊन दवाखान्यात परतल्या. दयासिस्टरांनी कोमट पाण्यानं तिचं अंग पुसलं, दुपट्यात गुंडाळलं आणि आजीच्या हातात दिलं.