छतासाठी दिलेला शब्द

चष्मेवाले काका कुणाला नाही म्हणू शकत नाहीत, हे पाळकसाहेबांनी बरोबर हेरलं होतं. रविवारची उपासना संपली, लोक कोट चढवून दाराकडे निघाले, तेव्हा त्यांनी काकांना खांबाआड गाठलं.

"काका, पुढच्या रविवारी तुम्हीच बोला. माझं ऐकून ऐकून लोकांचे कान किटलेत."

"मी? मी काय बोलणार?"

"छताचं. इथल्या प्रत्येकाच्या नाकावर तुम्ही बसवलेला चष्मा आहे. तुम्हाला कोणी तोंडावर नकार देणार नाही."

चर्चच्या छताचा मधला वासा आतून कुजला होता. त्याखाली लोखंडी टेकू लावला होता आणि पुढच्या बाकांवर कोणी बसू नये म्हणून दोर बांधला होता. खरं म्हणजे दोराची गरजच नव्हती, कारण पुढच्या बाकांपर्यंत भरेल इतकी माणसं आता येतच कुठे होती! धर्मप्रांताच्या मुख्य कार्यालयाने कळवलं होतं की, मंडळीने दरमहा ठरावीक मदत करायचं लेखी वचन दिलं तर बाकीचा खर्च आम्ही उचलायचा विचार करू. नाहीतर इमारत बंद.

काका घरी आले ते विचारातच. धाकटी बहीण विधवा झाल्यापासून त्यांच्याकडेच राहत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"दादा, गिऱ्हाईक महागडी काच मागायला लागलं तर त्याला स्वस्तातली घ्यायला लावणारा माणूस तू. तू लोकांकडे पैसे मागणार?"

"हो म्हणून बसलोय."

"ते काय सांगायला हवं?"

रविवारी काका व्यासपीठावर चढलेच नाहीत. खालीच, बाकांच्या मधल्या वाटेत उभे राहिले. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून खिशात घातले आणि मग बरं दिसत नाही म्हणून बाहेर काढले.

"मला भाषण येत नाही," ते म्हणाले. "माझं लग्न इथे लागलं. बायकोला शेवटचं इथूनच नेलं. तुमचंही असंच काहीतरी असेल. उद्या हे दार बंद झालं तर रविवारी आपण भेटायचं कुठे? बसथांब्यावर?"

थोडे लोक हसले. काकांना जरा धीर आला.

"वचनाच्या चिठ्ठीवर दरमहा झेपेल तेवढंच लिहा. कमी लिहिलंत तर मला काही वाटणार नाही. पण लिहाल ते द्या, एवढंच."

टोपलीत ज्या चिठ्ठ्या पडल्या त्यांतल्या बऱ्याचशा कोऱ्या होत्या. काहींनी तर त्या घडी करून गीतांच्या पुस्तकात खूण म्हणून ठेवून दिल्या. तेव्हा आता घरोघरी जाण्याशिवाय इलाज नाही, असं पाळकसाहेब म्हणाले, आणि पुन्हा काकांकडेच पाहिलं.

दुकान बंद केलं की बहीणभाऊ निघायचे. निवृत्त बसचालकाच्या घरातून टीव्हीचा आवाज येत होता. यांनी घंटी वाजवली तसा आवाज बंद झाला, पण दार काही उघडलं नाही. दोघं थोडा वेळ पायपुसण्याकडे बघत उभे राहिले आणि जिना उतरले. काही घरांत आदरसत्कार भरपूर झाला, प्रकृतीची चौकशी झाली, गुडघ्यांवर सविस्तर चर्चा झाली, पण विषय निघाला की घरधन्याला नेमका फोन यायचा. तरीही एकेक चिठ्ठी जमत गेली. काकांची भीड लोकांना मोडवेना, हेच खरं.

बेकरीवाल्याने तर पेन घेऊन एकदम मोठा आकडा लिहिला. त्याची बायको ओट्याशी पीठ झटकत होती. तिने नवऱ्याकडे रोखून पाहिलं.

"वहिनी, कमी केलं तरी चालेल," ते घाईने म्हणाले.

"लिहिलं ते लिहिलं," बेकरीवाला म्हणाला. "माझ्या बापाने त्या भिंतींना रंग दिलाय."

शेवटचं घर होतं गायनबाईंचं. उभा जन्म बाईंनी चर्चचं गायनमंडळ चालवलं होतं. काकांना पोरवयात सूर लावायला शिकवलं ते त्यांनीच, आणि सूर चुकला की पट्टीने हातावर मारलंही त्यांनीच. आता नव्वदीला टेकल्या होत्या. खुबा मोडल्यापासून अंथरुणावर होत्या आणि भाची त्यांचं सगळं बघायची. काकांनी विषय काढायच्या आतच बाईंनी चिठ्ठी मागून घेतली. त्यांचा आकडा पाहून काका चरकले. पेन्शनीतलं बरंचसं त्यात गेलं असतं.

"बाई, एवढं नको. निम्मं करा."

"अर्धवट काही करायची मला सवय नाही. तुला माहीत आहे." बाईंनी दम खाल्ला. "माझी एकच अट आहे. मी गेले की मला चर्चमधूनच न्यायचं. आणि तुम्ही सगळ्यांनी वरच्या सज्जात उभं राहून गायचं. खाली नाही, सज्जात. शब्द दे."

भाची दारात उभी राहून ऐकत होती. काकांनी बाईंच्या हातावर हात ठेवला.

"शब्द देतो, बाई."

रस्त्यावर आल्यावर बहीण काकांसमोर येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "कशाच्या जोरावर शब्द दिलास?"

"नाही कसं म्हणू?"

आकडा जवळजवळ भरला. पाळकसाहेबांनी मुख्य कार्यालयाला कागद पाठवले आणि मंडळीत जरा जीव आल्यासारखं झालं. सज्जाची फळी डुगडुगते, तीही याच कामात बसवून घेऊ, इथपर्यंत बोलणं गेलं. एका रविवारी तर बसचालकही आला आणि आपण त्या दिवशी आंघोळीला गेलो होतो, असं कुणी विचारलं नसताना सांगून गेला.

मग एका दुपारी पाळकसाहेब दुकानात आले. चष्मा काढून त्यांनी काउंटरवर ठेवला. काकांनी तो उचलून उजेडात धरला. त्याला काहीही झालं नव्हतं.

"चर्च विकायचं ठरलंय, काका," पाळकसाहेब म्हणाले.

"पण आकडा तर भरत आला होता ना?"

"आकड्याबद्दल कार्यालयाने चकार शब्द काढला नाही. त्यांनी वयं पाहिली. वचन देणारे जवळपास सगळे सत्तरीच्या पुढचे. अजून थोड्या वर्षांनी हे वचन कोण देणार, असं मला विचारलं." ते टेबलावरच्या आरशाकडे बघत राहिले. "खोटं तरी काय सांगणार होतो? माझी बदलीही झाली आहे."

बाहेर कुणीतरी दुकानाच्या काचेत बघून केस नीट केले आणि पुढे गेलं.

"लोकांना कोण सांगणार?" काकांनी विचारलं.

"रविवारी मी सांगतो. पण जे घरीच पडून आहेत, आणि ज्यांच्याकडे तुम्ही स्वतः गेला होतात..." पाळकसाहेबांना वाक्य पुरं करायची गरज पडली नाही.

या खेपेला काका एकटेच गेले. बेकरीत गिऱ्हाईक नव्हतं. काकांनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

"मग ते पैसे?" बेकरीवाल्याच्या बायकोने विचारलं.

"आता नका देऊ."

तिचे खांदे एकदम सैल झाले. तिचं तिलाच ते कळलं असावं, कारण ती लगबगीने आत गेली आणि एक गरम पाव कागदात गुंडाळून घेऊन आली. पैसे घेईना. बेकरीवाला मात्र भट्टीकडे तोंड करून उभा राहिला, तो वळलाच नाही. तो पाव काकांनी घरी नेऊन बहिणीला दिला.

बाईंना सांगण्यासाठी त्यांनी वाक्यं जुळवून ठेवली होती, पण खुर्चीवर बसताक्षणी ते ती सगळी विसरले. "बाई, चर्च विकतायत," एवढंच तोंडातून निघालं.

बाईंनी डोळे मिटले.

"शब्द दिला होतास तू."

"हो, बाई."

"देता येत होता म्हणून दिलास, की मी मागितला म्हणून?"

खोटं बोलायला वाव होता. बाईंची नजरही आता अधू झाली होती. पण काकांना ते जमलं नाही.

"तुम्ही मागितलात म्हणून."

"मग तो शब्द कसला? ती नुसती भीड." बाईंनी मान भिंतीकडे वळवली. "जा आता. आणि माझ्या समाचाराला येत जाऊ नकोस."

काका पुन्हा गेले नाहीत. दोनदा बाईंच्या दारापर्यंत जाऊन परत आले, हे फक्त बहिणीला माहीत होतं.

थंडी ओसरायच्या आत बाई गेल्या. भाचीने बहिणीला फोन केला. दफनभूमीलगत भाड्याने मिळणारं एक सभागृह होतं, तिथे सगळं झालं. खुर्च्या प्लास्टिकच्या, भिंतीवर घड्याळ आणि कोपऱ्यातल्या ध्वनिक्षेपकातून कुठलंसं शांत संगीत. जुन्या गायनमंडळातले काही जण भिंतीशी उभे होते. एकाने काकांकडे पाहून भुवई उंचावली, गायचं का? काकांनी सभागृहाच्या व्यवस्थापकाकडे पाहिलं. तो दारातून बाहेर बघत होता. तिथे पुढच्या शवपेटीसोबत आलेली माणसं थंडीत ताटकळत होती. संगीत वाजत राहिलं, आणि ते थांबलं तेव्हा भाड्याच्या माणसांनी पेटी उचललीही होती. गाणं राहून गेलं.

निघताना भाची काकांजवळ आली.

"मावशी तुमच्याबद्दल काही म्हणाली नव्हती," ती म्हणाली.

तिने ते सांत्वन म्हणून सांगितलं की उलट, याचा काकांनी पुढे पुष्कळ विचार केला. उलगडा झाला नाही.

चर्चच्या दारावर फळ्या ठोकल्या गेल्या. बहीण दोन बस बदलून दुसऱ्या एका चर्चला जायला लागली. तिने भावाला दोनतीनदा गळ घातली, मग नाद सोडला. काका रविवारीही दुकान उघडू लागले. गिऱ्हाईक क्वचितच यायचं. आलं तर मंडळीतलंच कुणीतरी यायचं, स्क्रू ढिला झालाय म्हणून किंवा काच पुसून द्या म्हणून, आणि स्टुलावर टेकायचं. चर्चचा विषय कोणी काढत नसे. हवापाण्यावर बोलून उठून जात.

असाच एकदा बेकरीवाला आला. काकांनी त्याचा चष्मा हातात घेतला.

"त्या चिठ्ठीवर मी जरा जास्तच लिहिलं होतं," बेकरीवाला खाली बघत म्हणाला. "वेळ आली असती तर कदाचित दिले नसते."

"वाटलं होतं मला."

"आता रविवारी कोणी काही मागायला येत नाही. मोकळा वेळ असतो." तो स्टुलावर टेकला. "सकाळ सरता सरत नाही."

काकांनी स्क्रू घट्ट केला, काचा पुसल्या आणि चष्मा त्याच्या हाती दिला. बेकरीवाल्याने तो डोळ्यांवर चढवून रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं.

"डावीकडे तिरका बसतोय अजून."

"आणा इकडे," काका म्हणाले आणि दांडी वाकवण्यासाठी ती ऊब द्यायच्या यंत्रासमोर धरून बसले.