वीस टोपणं पाणी

"बेरीज एकच रे बाळांनो, वाटा मात्र ढीगभर!"

चाळीस वर्षांपूर्वी शाळेच्या भिंतीपलीकडून हा आवाज यायचा. पलीकडे गणिताचा वर्ग, अलीकडे शिवणाचा. तो आवाज आला की शिवणबाईंचा हमखास एक टाका चुकायचा. पुढे त्या आवाजाशीच त्यांनी लग्न केलं.

आता तो आवाज खाटेवर पडून होता, वाळल्या पानासारखा खरखरत. मास्तरांच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले होते. डायलिसिस सोसेना म्हणून तेही थांबलेलं. दिवसाला पाणी सहाशे मिली, वर थेंब नाही. जास्त झालं की छातीत चढायचं.

तेवीस दिवसांपूर्वी दवाखान्यात डॉक्टरांनी बाईंना एकट्यांनाच आत बोलावलं होतं. घरी आल्यावर मास्तरांनी विचारलं, "वाढवून दिलं का गं?"

"सहाशेच," बाई म्हणाल्या, आणि नीट ठेवलेल्या चपला पुन्हा नीट ठेवायला वळल्या.

"बरं, मग सहाशेशीच खेळू. आण वही."

चार मापं ठरली. औषधाच्या बाटलीचं टोपण तीसचं, कप सत्तरचा, वाटी एकशेदहाची, पेला दीडशेचा. यांतून सहाशे किती तऱ्हांनी होतात? दिवेलागणीपर्यंत मास्तरांनी तेवीस तऱ्हा काढल्या. रोज एक वापरायची, वापरलेली पुन्हा नाही. "तेच उत्तर दोनदा लिहिलं की ती कॉपी."

पहिल्या दिवशी चार पेले. "राजाचा थाट आहे बुवा!" मग कधी तीन पेले नि पाच टोपणं, कधी पाच कप, दोन वाट्या आणि वर एक टोपण. दिवसागणिक मापं लहान होत गेली, ओठांच्या भेगा मोठ्या. बाई स्वयंपाकघरात नळ बारीक सोडायच्या, धारेचा आवाज मास्तरांना ऐकू जाऊ नये म्हणून. स्वतः घोट घ्यायचा तर पाठ फिरवून. जुन्या ओवीच्या चालीवर मनात काहीबाही जुळायचं:

*भरल्या गं घागरीशी, तहान बसली उपाशी,*
*सांगू कशी, सांगू कुणापाशी.*

वहीत अजून तऱ्हा आहेत तोवर उद्या आहे, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं.

आज तेविसावी. नुसती टोपणं, वीस.

दुपारी अकरावं टोपण ओठांशी नेताना बाईंचा हात हलला. पाणी हनुवटीवरून उशीत जिरलं.

"अगोबाई! थांबा, दुसरं भरते."

"अं हं." मास्तरांनी ओली हनुवटी जिभेने गाठायचा प्रयत्न केला. जीभ पोचली नाही. "सांडलं तेही बेरजेत धर. अकरा झाली."

"अहो, कोण बघतंय इथं?"

"वही बघतेय की." ते हसले, आणि खालचा ओठ पुन्हा उलला. "शिवणबाई, तुमच्यात चालत असेल उसवून पुन्हा शिवणं. गणितात नाही चालत."

बाईंनी ओठावरचं रक्त पदराने टिपलं. मास्तर उशीवरच्या ओल्या डागाकडे बघत राहिले. मग हळूच गाल वळवून त्यावर टेकवला.

"गार आहे गं," ते म्हणाले. "उद्याचं काय करायचं? वही संपली. तू एकदा डॉक्टरांना विचारशील? सहाशेचे साडेसहाशे करा म्हणावं. पन्नास मिलीने किती नव्या वाटा फुटतील, ठाऊक आहे?"

बाई उठल्या. पेला घेतला, काठोकाठ भरला, आणि खाटेशी येऊन बसल्या. पेला सरळ त्यांच्या ओठांशी नेला.

"अगं, हे काय? दीडशे? पेला घेतला की जुनीच तऱ्हा होईल, कॉपी."

"होऊ दे."

"वेडी झालीस का?"

"बेरीज उरलेलीच नाही हो. मला एकटीला आत बोलावलं त्याच दिवशी डॉक्टर म्हणाले होते, आता मोजून उपयोग नाही, मागतील तेवढं पाणी द्या. मीच नाही सांगितलं तुम्हाला."