काचेवरची रेघ

जालन्यात समुद्र नाही. समुद्राचं सोडा, नळाला रोज पाणी आलं तरी लोक देवापुढं नारळ फोडतील. तरीही अंगदच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या भिंतीला लागून, एक समुद्र होता. मुंबईहून खास मीठ मागवायचं आणि फिल्टरच्या पाण्यात मापानं कालवायचं, असा काचेच्या टाकीत घरी केलेला. दुर्गाबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. गावाकडं धावड्यात विहिरीचं पाणी जरा मचूळ लागलं तर माणसं तोंड वाकडं करतात, आणि हा शिकलासवरलेला गडी चांगलं गोडं पाणी हौसेनं खारं करतो.

त्या आल्या होत्या मुलाला करून घालायला. सून आकांक्षा नोकरीसाठी म्हणून पुण्याला गेली आणि परत यायचं नाव काढीना, तेव्हा थोरल्या राधेश्यामनं आईला गाडीत बसवून इथं आणून सोडलं. सोबत चार लुगडी, एक गोधडी, संक्रांतीची धुऊन ठेवलेली सुगडं आणि लग्नातला तांब्याचा हंडा. अंगद फ्रिजमधल्या बाटलीचं पाणी प्यायचा. हंड्यातलं एकट्या दुर्गाबाई प्यायच्या.

अंगद बियाण्याच्या कंपनीत होता. सकाळी निघायचा तो दिवेलागणीला यायचा. "जेवलीस का माय?" "जेवले." एवढं झालं की टाकीसमोर स्टूल ओढून बसायचा. शेजारचं दार कायम बंद. गावात शिंकलं तरी चार घरांतून विचारणा होते. इथं त्या एकदा बाथरूममध्ये घसरून पडल्या, तर आपल्या आपण उठल्या आणि आपल्यालाच विचारलं, लागलं का गं? संध्याकाळी त्याला सांगायचं ठरवलं होतं. पण तो माशांकडं बघत होता, म्हणून राहिलं.

टाकीत दोन नारंगी मासे होते, अंगावर पांढरे पट्टे असलेले, आणि एक फूल. फूल म्हणजे खरं तर जिवंत प्राणीच, दगडाला चिकटून बोटांसारख्या पाकळ्या हलवत बसलेला. मासे त्याच्या कुशीत झोपायचे. ते फूल आकांक्षानं निवडून आणलं होतं. रविवारी तिचा फोन यायचा. दोघांत बोलण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. ती टाकीचं विचारायची, तो सांगायचा, फोन संपायचा. तेवढ्या फोनसाठी अंगद रविवारी दाढी करून बसायचा. आता फोनवर कुणाला दाढी दिसते, पण करायचा. टाकीतलं सगळं मेलं तर फोनही बंद होणार, हे न सांगता दुर्गाबाईंना कळलं होतं.

ऊन तापायला लागलं तसे माशांच्या अंगावर पांढरे ठिपके दिसू लागले, वरून रवा भुरभुरावा तसे. मोठा मासा दगडावर अंग घासू लागला, खायचा थांबला आणि मेला. अंगद त्या दिवशी जेवला नाही. उरलेल्या माशाला त्यानं गॅलरीजवळच्या एका टबात हलवलं, त्यात निळं औषध टाकलं, आणि आईला पहिल्यांदाच काहीतरी समजावून सांगायला बसला.

"किडे हैत हे, माय. माशाच्या अंगावर वाढतात, मंग गळून रेतीत पडतात. तिथून त्यांची पिल्लं निघतात आन् पुन्हा मासा हुडकतात. टाकीत मासाच न्हाई ठेवला, तर उपाशी मरतील. दोन-अडीच महिने तरी रिकामी ठेवावी लागंल."

"आन् ह्या औषधात काय असतंय?"

"तांबं."

"म्हंजे आपल्या हंड्याचंच की," दुर्गाबाई खूश होऊन म्हणाल्या. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, तो उठून गेला आणि पुढचं वाक्य राहून गेलं.

पुढचं वाक्य एवढंच होतं, की तांब्यानं किडे मरतात तसं फूलही मरतं, म्हणून तर औषध वेगळ्या टबात. घरात दोनच माणसं असून एक वाक्य राहून जातं, आणि मग त्याची भरपाई करता करता जीव जातो.

कंपनी अंगदला वाटूरकडं मुक्कामी पाठवू लागली. जाताना त्यानं काचेवर मार्करनं रेघ मारली. "पाणी उडून जातं, मीठ न्हाई उडत. म्हून वरून गोडं पाणी घालायचं, रेघेपर्यंत. त्या कॅनमधलं." दुर्गाबाईंना काम मिळालं. त्यांनी मन लावून केलं, आणि स्वतःची अक्कलही लावली. कॅनमधलं पाणी त्यांना अळणी, निर्जीव वाटायचं. आजारी टाकीला असलं पाणी कसं द्यायचं? रोज हंडा चिंचेनं लख्ख घासायच्या, कॅनमधलं पाणी त्यात भरून ठेवायच्या आणि सकाळी रेघेपर्यंत ओतायच्या. ओतता ओतता फुलाशी बोलायच्या. बाथरूममध्ये पडल्याचंही त्यांनी फुलालाच सांगितलं.

टबातल्या माशाकडं त्यांचं लक्ष होतं. तो बिचारा कोपऱ्याला तोंड लावून उभा असायचा. लपायला जागा नाही, हे त्यांनी ओळखलं आणि अंगदला एक सुगड दिलं. मासा त्यात शिरून झोपू लागला. "बरं केलंस माय," अंगद म्हणाला. ते शब्द त्यांना कितीतरी दिवस पुरले.

माशाचे ठिपके गेले. टाकीतलं फूल मात्र आखडायला लागलं. एका संध्याकाळी अंगद मुक्कामाहून आला तेव्हा ते दगडावरून सुटून तळाशी पडलं होतं आणि पाण्याला वास येत होता. त्यानं ते बाहेर काढलं. मग काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात थेंब टाकले. नळीतलं पाणी रंगलं.

"तांबं निघालं," तो म्हणाला. "औषधाच्या टबातली जाळी मी ह्या टाकीत बुडवली असंल. न्हाई तर हात तसेच घातले असतील." नळी तशीच टाकून तो खाली बसला. "आकांक्षा म्हणायची, तुझ्या हातात काही टिकत न्हाई. बराबर हाय तिचं. मीच मारलं."

दुर्गाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. गप्प बसल्या असत्या तर हे कुणालाही कधी कळलं नसतं. मुलाच्या घरात म्हाताऱ्या माणसाला गप्प बसणंच बरं असतं, हेही त्यांना माहीत होतं. पण तो आपल्या दोन्ही हातांकडं ज्या नजरेनं बघत होता, ते त्यांना बघवेना. त्यांनी हंडा उचलून आणला आणि त्याच्यापुढं ठेवला.

"ह्यात भरून ठेवीत व्हते. तू म्हनला औषधात तांबं असतंय, म्हून."

अंगद हंड्याकडं बघत राहिला. "रोज?"

"रोज."

"म्हंजे जाळीनं न्हाई झालं? माझ्यामुळं न्हाई?"

"तुझ्यामुळं बिलकुल न्हाई बाळा."

तो रागावला असता तर दुर्गाबाईंना सोपं गेलं असतं. पण त्यानं सुटल्यासारखा श्वास सोडला, आणि त्या श्वासात आईला काय वाटत असेल याला जागाच नव्हती. रविवारी तो दाढी करून गॅलरीत गेला. "माझ्यामुळं नाही झालं ते. आईनं पाणी घातलं होतं," असं तो आकांक्षाला दोनदा सांगत असलेलं दुर्गाबाईंनी ऐकलं. मग "हो," मग "बरं," आणि फोन लगेच संपला. पुढच्या रविवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

घर आधी शांत होतं, आता मुकं झालं. अंगदनं टाकीत कोळशाच्या पिशव्या सोडून तांबं ओढून घेतलं, पाणी बदललं. रिकाम्या टाकीचा दिवा रोज लागायचा, पंप घुरघुरायचा, आणि दोघं आपापल्या कोपऱ्यातून तिच्याकडं बघायची. पाणी आता तो स्वतःच घालायचा. दुर्गाबाई रोज रेघेकडं बघायच्या आणि कॅनपासून लांबूनच जायच्या. एके दिवशी त्यांनी हंडा गोधडीत गुंडाळला.

"राधेश्यामला फोन लाव. मी जाते धावड्याला."

अंगद टबाजवळ वाकला होता. आज मासा टाकीत परत सोडायचा होता. तो वर न बघता म्हणाला, "अजून एक सुगड हाय का?"

"हाय त्यालाच धू की."

"न्हाई चालत." मग ते राहिलेलं वाक्य, इतक्या उशिरा का होईना, तो बोलला. "मातीत औषध मुरतं माय. टाकीत गेलं की थोडं थोडं सुटतं. उद्या फूल आणलं तर पुन्हा मरंल. तांब्यानं किडे मरतात, पण फूल बी मरतं. हे मी तवाच सांगायला पायजे व्हतं."

त्यांनी नवं सुगड दिलं. अंगदनं ते टाकीत ठेवलं आणि मासा सोडला. मासा सरळ त्या दगडाकडं गेला. जिथं फूल होतं तिथं त्यानं एक फेरी मारली, दुसरी मारली, उघड्या दगडाला तोंड लावलं आणि तिथंच पंख हलवत उभा राहिला. दोघांनीही ते पाहिलं. बऱ्याच वेळानं तो हळूच वळला आणि सुगडात शिरला.

अंगदनं मार्कर घेऊन पुसट झालेली रेघ पुन्हा ओढली आणि प्लास्टिकचा मग आईच्या हातात दिला. "कॅनमधलं. ह्या मगानं."

"आन् हंडा?"

"हंड्यातलं मी पेतो."

दुर्गाबाईंनी गोधडी सोडली, हंडा घासला, भरला. सकाळी त्यानं पेला भरून घेतला आणि स्टुलावर बसून टाकीकडं बघत पाणी पिऊ लागला. दुर्गाबाई मागं उभ्या होत्या.

"अंगद, मी पडल्ते," त्या म्हणाल्या. "बाथरूममधी. लई दिवस झाले. तुला सांगायचं राह्यलं."

त्यानं पेला खाली ठेवला. स्टूल फिरवलं आणि टाकीकडं पाठ करून तो आईकडं तोंड करून बसला.

"लागलं का?"

दुर्गाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पदर तोंडाशी नेला.

"लागल्तं," त्या म्हणाल्या.